वस्तीच्या खडीगंमतीसाठी अनुदान मिळवलं : माझा अनुभव

डिप्टी सिग्नल म्हणजे पूर्व नागपूर. कळमना बाजारातले हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बाया, बांधकामावरचे मजूर यांची वस्ती. छत्तीसगडहून येऊन इथेच स्थिरावलेली कुटुंबं बरीच. नाटकाला किंवा मैफलीला जाणारं माणूस इथे सहसा सापडत नाही. सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृह आहे, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रही १९८६ पासून याच शहरात आहे. पण रात्री आठला कामावरून परतलेली बाई ऑटोला पैसे घालून तिकडे कशी जाणार? आणि याच वस्तीत दिवाळीच्या आधी बाया टोपलीत मातीचा पोपट ठेवून, गोल धरून टाळ्यांवर सुआ गातात. १८ डिसेंबरला सतनामी पंथाच्या गुरू घासीदासांच्या जयंतीला पोरं पंथी नाचतात. खडीगंमतीचा, म्हणजे विदर्भातल्या डफ-ढोलकीवरच्या लोकनाट्याचा, अख्खा गण (सुरुवातीचं देवाचं गाणं) तोंडपाठ असलेले दोन म्हातारे शाहीर अजून आमच्यात आहेत.

मी इथल्या महिला मंडळाचं काम बघते. शाहिरांकडून नव्या पोरापोरींनी खडीगंमत शिकावी, त्यात सुआ आणि पंथीही यावी आणि प्रयोग वस्तीच्याच मैदानात व्हावा, असं आम्ही ठरवलं. पैसा नव्हता. तो केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या कार्यक्रम व निर्मिती अनुदान योजनेतून मिळाला. कसा मिळाला ते सविस्तर लिहिते, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा मराठीत कुणी सांगणारं भेटलं नाही.

पहिली अट संस्थेची. नोंदणीकृत संस्था हवी, तिचं काम किमान तीन वर्षांचं हवं आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षण झालेले हिशेब हवेत. काल उत्साहाने जमलेल्या गटाला हे दार बंदच असतं, आणि मला ते पटत नाही, कारण वस्तीतले बहुतेक गट असेच जमतात. आमचं नशीब असं, की महिला मंडळ जुनं होतं. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंद होती. हिशेबही दरवर्षी होत होते, कारण आमच्या आधीच्या अध्यक्षा त्या बाबतीत फार कडक होत्या.

त्या वारल्या होत्या, आणि कागदावर अजून त्याच अध्यक्ष होत्या. धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल अर्ज, ९० दिवसांत द्यायचा असतो. ती मुदत टळली होती, त्यामुळे सोबत विलंब माफीचा अर्जही लागला. सभेची नोटीस, इतिवृत्त, ठराव, नव्या सदस्यांची संमतीपत्रं, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. शेड्यूल वनचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद, नव्या नावांनी हातात आला, तेव्हाच बँकेतल्या सह्या बदलल्या. दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरची नोंदणी त्यामानाने सोपी. ती निती आयोगाची आहे, तिथे संस्थेचं आणि पदाधिकाऱ्यांचं पॅन लागतं, आणि तिथे मिळणारा क्रमांक नसेल तर पुढे कुठेच सरकता येत नाही.

मग प्रस्ताव. एका हितचिंतकांनी तो छान भाषेत लिहून दिला होता. त्यात आमची वस्ती 'सांस्कृतिकदृष्ट्या मागास' होती. मी तो समाजभवनात सगळ्यांसमोर वाचला. थोरले शाहीर मध्येच म्हणाले, "मागास कायचे जी आपण? माह्या बापाच्या डफावर पहाटेपर्यंत माणूस हालत नव्हता." तो मसुदा तिथेच बाजूला ठेवला. नवा सगळ्यांनी मिळून सांगितला, बारावी झालेल्या एका पोरीने लिहून घेतला. कोण काय शिकवणार, कोण शिकणार, सराव कधी, प्रयोग कुठे, बघायला कोण येणार. चार पानांत आटोपलं. माझं ठाम मत आहे की प्रस्ताव वस्तीतच लिहिला जावा. बाहेरचा माणूस आधी आपली गरिबी लिहितो. वस्तीतला माणूस आपल्याला काय येतं ते आधी सांगतो, आणि अनुदान कलेसाठी मागायचं असतं.

अंदाजपत्रकाची बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. वेशभूषा, मंडप, ध्वनी, दिवे, डफ-ढोलकी हे सगळं पटकन लिहून झालं. अडलं ते सरावावर. प्रयोगाचं मानधन सगळे लिहितात, सरावाचं कुणी लिहीत नाही. कळमन्यात रात्रीच्या गाड्या उतरवणारा पोरगा सरावाला आला तर त्याची त्या दिवसाची हजेरी बुडते. तीन लहान लेकरं असलेली सुआ गाणारी वहिनी म्हणाली, "मी येतो ताई, पण लेकरं कोनापाशी ठेवू?" म्हणून सरावाचं मानधन हा वेगळा खर्च धरला, आणि तेवढा वेळ लेकरं सांभाळणाऱ्या आजींचं मानधनही प्रस्तावात स्पष्ट लिहिलं. हे कापलं जाईल असं बऱ्याच जणांनी बजावलं होतं. ते मंजूर झालं. ज्या भागात लोक कार्यक्रमांना येत नाहीत म्हणतात, तिथे पैसा आधी इथेच लागतो, मंचाच्या झालरीला नाही.

आता आकड्यांचं बघा, कारण ते नीट समजून न घेता पुष्कळ संस्था अडकतात. या योजनेत एका प्रकल्पाला सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त ५ लाख रुपये मिळू शकतात, पण एकूण खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच. उरलेले २५ टक्के संस्थेने उभे करायचे. आणि मंजूर रकमेचाही पहिला हप्ता ७५ टक्केच येतो. बाकीचे २५ टक्के काम पूर्ण करून हिशेब दिल्यावर. आमचा खर्च ४ लाखांचा. म्हणजे अनुदान ३ लाख, त्यातले आधी हातात २ लाख २५ हजार. १ लाख आपले आणि ७५ हजार नंतर येणारे, असे १ लाख ७५ हजार रुपये प्रयोगाआधी वस्तीने कुठून तरी आणायचे. मोठ्या संस्थेला याचं काही वाटत नाही. आमच्यासारख्यांना मंजुरीचं पत्र हातात घेऊनही झोप येत नाही.

कंपन्यांकडे गेलो. २०१३च्या कंपनी कायद्यात ठरावीक नफ्याच्या किंवा उलाढालीच्या वर असलेल्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात, आणि त्या कामांच्या यादीत कला-संस्कृती, पारंपरिक कलाही आहेत. एका कंपनीतल्या साहेबांनी विचारलं, यातून लाभार्थी किती? त्यांना शिलाई मशीन वाटायची होती. शिलाई मशीनला माझा विरोध नाही, पण कायद्यात कलेसाठी जागा आहे आणि ती मागायला आपण गेलं पाहिजे. पुढच्या वेळी आम्ही यादीतलं ते कलम छापूनच नेणार आहोत. शेवटी १ लाख वर्गणीतून उभे राहिले, प्रत्येक रुपयाची पावती फाडून. ७५ हजार आमच्या बचत गटांनी उसने दिले, तेही गटाच्या सभेत ठराव करून.

मानधन बँकेतूनच द्यायचं, हे आम्ही पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. कितीतरी बायांची जनधन खाती केवायसीअभावी बंद पडलेली. एका सकाळी सगळ्या मिळून बँकेत गेलो, आधार आणि फोटो घेऊन. एकीने पासबुक भरून घेतलं, मानधनाची नोंद बघितली आणि विचारलं, "हे गान्याचे पैसे?" आतापर्यंत गाण्याचे पैसे तिला कुणी दिले नव्हते.

सराव दोन महिने चालला. शाहीर फार शिस्तीचे. ताल चुकला की गण पुन्हा पहिल्यापासून. खडीगंमतीत बाईचं काम पुरुषच करतो ही रीत. आमच्या पोरींनी गवळणीत स्वतः उभं राहायचं म्हटलं तेव्हा वाद झाला, दोन दिवस सराव बंद राहिला. मग धाकट्या शाहिरांनी तोड काढली : गवळण पोरी करतील, बाईच्या वेशात नाचणारा नाच्या मात्र पोरगाच राहील. सुआ गवळणीला जोडून घेतलं, ते इतकं सहज बसलं की आता कुणाला वेगळं वाटत नाही.

मैदानाची परवानगी, पोलिसांची परवानगी, लाउडस्पीकरची परवानगी हे वेळेत झालं. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून पहाटेपर्यंत चालणारा वग छाटून सव्वा तासात बसवला. शाहिरांना ते जड गेलं. त्यांनी शेवटचा भाग लाउडस्पीकर बंद झाल्यावर, नुसत्या गळ्यावर म्हटला. लोक पुढे सरकून बसले, उठून कुणी गेलं नाही.

दुसऱ्या हप्त्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात, सीएच्या सहीने, सोबत खर्चाचा तपशील, कामाचा अहवाल, फोटो आणि चित्रफीत. इथे पुरवलं ते आमच्या वहीने. ज्या दिवशीचा खर्च त्याच दिवशी लिहायचा, बिल त्याच पानाला टाचायचं, ही वही बारावीवाल्या पोरीकडे होती, आणि दर आठवड्याला समाजभवनाच्या फळ्यावर बेरीज लिहिली जायची. सीएंनी प्रश्न विचारले ते दोनच, दोन्ही चहाच्या बिलांवर.

पैसे यायला वेळ लागला, पण आले. त्याच आठवड्यात बचत गटांचे ७५ हजार फेडले. आता राज्य सरकारच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे खडीगंमत पथकांसाठी असलेल्या अनुदानाचा अर्ज भरतोय. दोन्ही शाहिरांच्या ज्येष्ठ कलावंत मानधनाचे कागदही जोडीला काढले आहेत. त्यांच्या कार्यक्रमांचे पुरावे म्हणून यावेळचे फोटो आणि बँकेच्या नोंदी कामी येतील. मंडळाची निवडणूक गेल्या महिन्यात झाली. नवी अध्यक्ष ती सुआवाली वहिनी आहे, आणि तिच्या नावाचा बदल अर्ज मुदतीच्या आत दाखल झाला आहे.