कारखान्याखालची उष्णता शोधताना खरी अडचण कारखान्याचीच

कारखान्यासाठी जमिनीतली उष्णता वापरायची तर आधी ती शोधावी लागते. पण जमिनीवरून केलेला कोणताही भूभौतिक सर्व्हे खोलवरचं तापमान थेट मोजत नाही. तो मोजतो खडकाची विद्युत रोधकता (वीज अडवण्याचा गुण), घनता किंवा खडकातून जाणाऱ्या कंपनलहरींचा वेग. उष्णतेचा अंदाज आपण त्यावरून बांधतो, आणि तो चुकला की सगळ्यात महाग गोष्ट, म्हणजे खोल बोअर, भलत्याच जागी पडते.

आधी कारखान्याला किती उष्णता लागते ते मांडा. सेकंदाला ५० लिटर पाणी ९० अंश तापमानाचं वर आलं आणि ५० अंशांवर परत जमिनीत सोडलं, तर साधारण ८.४ मेगावॉट उष्णता मिळते. तापमान किलोमीटरमागे सरासरी २५ ते ३० अंश वाढतं, म्हणजे बहुतेक ठिकाणी अडीच-तीन किलोमीटर खाली जावं लागतं. नुसती उष्णता पुरत नाही, पाणी वाहू देणारा खडकही हवा. गाळाच्या खडकांत त्यासाठी सिस्मिक रिफ्लेक्शन, म्हणजे जमिनीत सोडलेल्या कंपनांचे प्रतिध्वनी टिपणं, उत्तम; थर आणि भ्रंश (खडक तुटून सरकलेल्या भेगा) स्पष्ट दिसतात. ज्वालामुखी प्रदेशात मात्र मॅग्नेटोटेल्युरिक, म्हणजे एमटी: पृथ्वीवरच्या नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरींवरून रोधकता काढणारी पद्धत.

एमटीची खोली मीटरमध्ये अंदाजे ५०० × √(रोधकता × आवर्तकाल). १० ओहम-मीटरच्या खडकात १ सेकंदाची लहर सुमारे १.६ किलोमीटर पोचते. दुर्दैवाने याच, म्हणजे १ हर्ट्झच्या आसपासच नैसर्गिक सिग्नल सर्वांत क्षीण असतो, आणि कारखाना तिथेच गोंगाट करतो: पाइपलाइनचं कॅथोडिक प्रोटेक्शन (गंज रोखण्यासाठी सोडलेला वीजप्रवाह), वेल्डिंग, जवळची डीसी रेल्वे. आभासी रोधकतेचा (मोजमापावरून थेट काढलेल्या रोधकतेचा) आलेख ४५ अंशांत सरळ चढू लागला आणि फेज (विद्युत व चुंबकीय लहरींमधला कलाफरक) शून्याकडे घसरली, तर तो खडक नव्हे, जवळच्या स्रोताचा गोंगाट आहे. असा डेटा मॉडेलमध्ये घालूच नये. इन्व्हर्जन, म्हणजे डेटावरून जमिनीखालचं मॉडेल काढणारं गणित, त्यातूनही सुबक चित्र काढून देतं, आणि घात तिथेच होतो.

उपाय आहेत. दहा-वीस किंवा त्याहून अधिक किलोमीटर दूरच्या शांत जागी रिमोट रेफरन्स स्टेशन (तुलना करून स्थानिक गोंगाट वगळण्यासाठीचं दुसरं केंद्र) लावा, दोन्हीकडची घड्याळं जीपीएसवर जुळवा, रात्रभर रेकॉर्डिंग करा. शक्य असेल तर प्लांटकडून एका रात्रीपुरता कॅथोडिक रेक्टिफायर (तो गंजरोधक प्रवाह पुरवणारं यंत्र) बंद ठेवायची लेखी परवानगी घ्या. प्रोसेसिंगच्या कसरतीपेक्षा याचा उपयोग जास्त. चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या कॉइल पुरा, केबल दाबून ठेवा, वाऱ्याने हललेली केबलही गोंगाटच.

स्मेक्टाइट चिकणमातीचा १० ओहम-मीटरखालचा थर दिसला की उत्साह वाढतो, कारण ती गरम पाण्याच्या प्रणालीवर तयार होते. पण ती माती जुन्या, आता थंड झालेल्या प्रणालीचीही असू शकते. रोधकता ते सांगत नाही. घनतेतला फरक शोधायला गुरुत्वमापनाचा आधार घ्यायचा तर स्टेशनची उंची ५ सेंटिमीटरच्या आत अचूक हवी, कारण तेवढ्या चुकीने ०.०१ मिलिगॅलचा (मिलिगॅल हे गुरुत्व मोजण्याचं एकक) फरक पडतो.

शेवटी १०० ते १५० मीटरचे तापमान-बोअर घ्या. ड्रिलिंगनंतर काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजा. दोन्ही वाचनं जुळली तरच बोअर स्थिरावला. वरचे १५-२० मीटर सोडा, तिथे ऋतूंचा परिणाम असतो. त्याखाली एकाच प्रकारच्या खडकात खोलीनुसार तापमानाचा आलेख सरळ नसून वाकलेला असेल, तर बहुधा भूजल उष्णता वाहून नेतंय. तो आलेख खोलवर ताणू नका.