तेल इराणचं, रुपये आपले, अडवणूक न्यूयॉर्कची

अमेरिकेवर जगाचा राग का, असं विचारलं की लोक व्हिएतनाम आणि इराककडे बोट दाखवतात. ते खोटं नाही. पण अमेरिकेच्या मित्रदेशांतल्या बँकवाल्यांच्या आणि मंत्र्यांच्या बोलण्यात जी चीड डोकावते, ती बॉम्बमुळे आलेली नसते. ती समजून घ्यायची तर डॉलर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात कसा जातो, ते बघायला हवं.

मुंबईतल्या बँकेकडे डॉलर आहेत म्हणजे तिजोरीत नोटा आहेत असं नव्हे. न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेत तिचं खातं असतं, त्याला नोस्ट्रो म्हणतात. इथल्या आयातदाराने दुबईला दहा लाख डॉलर पाठवले की न्यूयॉर्कमध्ये एका खात्यात नावे, दुसऱ्यात जमा. संपलं. माल अमेरिकेत जात नाही, घेणारा-देणारा अमेरिकन नाही, पण त्या नोंदीपुरता व्यवहार अमेरिकी कायद्याच्या हातात सापडतो. तिथे पैसे पाठवण्याच्या संदेशातलं प्रत्येक नाव ओफॅक या अमेरिकी अर्थखात्याच्या कार्यालयाच्या यादीशी, म्हणजे ज्यांच्यावर अमेरिकेचे निर्बंध आहेत त्यांच्या नावांशी, ताडलं जातं. जुळलं तर पैसे एकतर परत येतात किंवा तिथेच गोठतात. गोठलेले सोडवायला परवाना मागायचा आणि वाट बघत बसायचं. तुमचं नाव यादीत नसलं, पण कंपनीची 50 टक्के किंवा जास्त मालकी यादीतल्यांकडे असली, तरी तीच गत.

बँकांनी यातून पळवाटा काढल्या होत्या. ग्राहकाचं नाव असलेला एमटी 103 संदेश थेट पलीकडच्या बँकेला पाठवायचा आणि न्यूयॉर्कला फक्त बँक-ते-बँक एमटी 202. त्यात मूळ नावं नसतच. नोव्हेंबर 2009 मध्ये स्विफ्ट या बँकांमधले संदेश पोचवणाऱ्या संस्थेने नावं दाखवणारा नवा नमुना आणला आणि ते छिद्र बुजलं. 2014 मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने सुदान, इराण आणि क्यूबाचे व्यवहार लपवल्याबद्दल गुन्हा कबूल केला. दंड जवळपास 9 अब्ज डॉलर, वर 2015 मध्ये वर्षभर काही प्रकारच्या डॉलर क्लिअरिंगला, म्हणजे न्यूयॉर्कमधून डॉलर फिरवायला, बंदी. बँकेने जाणूनबुजून नावं खोडली होती, त्यामुळे तिची कीव करायचं कारण नाही. फ्रान्सला खुपलं ते वेगळंच: यातले बरेच व्यवहार फ्रेंच कायद्याने गुन्हाच नव्हते.

त्या दंडाचा खरा परिणाम पुढे झाला. अन्न आणि औषधं निर्बंधांतून वगळलेली आहेत, कागदावर. पण इराणला जाणाऱ्या औषधांच्या एका खेपेवर बँकेला मिळणार किरकोळ फी, आणि चूक झाली तर दंड अब्जांत. कम्प्लायन्सचा, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणारा माणूस 'नको' म्हणणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तेहरानच्या औषधदुकानात उभ्या असलेल्या बाईला ती सूट दिसत नाही, रिकामा कप्पा दिसतो.

आपलंच बघा. इराणच्या तेलाचे पैसे आशियाई क्लिअरिंग युनियन या देशादेशांतले हिशेब मिटवणाऱ्या संस्थेतून जात. तिचं मुख्यालय तेहरानमध्येच. डिसेंबर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो रस्ता बंद केला. मग हॅम्बुर्गची एक बँक, मग तुर्कस्तानची हल्कबँक. एक वाट बुजली की दुसरी. 2012 मध्ये ठरलं की 45 टक्के पैसे रुपयांत, कोलकात्याच्या युको बँकेत इराणी बँकांच्या वोस्ट्रो खात्यात, म्हणजे परदेशी बँकेने आपल्याकडे उघडलेल्या रुपयांच्या खात्यात. डॉलर नाही म्हणजे न्यूयॉर्क नाही. त्या रुपयांतून इराणने आपला बासमती, चहा, औषधं घ्यायची. अडचण अशी की आपण घ्यायचो पुष्कळ आणि विकायचो थोडं, त्यामुळे रुपये साचत. तरी व्यवस्था चालली.

मध्यंतरी अणुकरारामुळे उठलेले अमेरिकी निर्बंध नोव्हेंबर 2018 मध्ये परत आले. भारतासह आठ खरेदीदारांना 180 दिवसांची सवलत मिळाली, मे 2019 मध्ये तीही संपली आणि भारताने इराणी तेल थांबवलं. रुपयांत पैसे देऊनही. कारण आता डॉलरचा प्रश्नच नव्हता; तेल घेतलं तर तुमच्या बँकेचं न्यूयॉर्कचं खातंच बंद होऊ शकतं, ही धमकी पुरेशी होती. याला दुय्यम निर्बंध म्हणतात. तेल थांबलं तशी युकोची शिल्लक आटत गेली आणि बासमतीवाल्यांचे पैसे अडकू लागले.

युरोपनेही ताकद लावून पाहिली. अमेरिकी निर्बंध पाळायला युरोपीय कंपन्यांना मनाई करणारा 1996 चा कायदा 2018 मध्ये अद्ययावत केला. तरी टोटल या फ्रेंच तेलकंपनीने इराणमधला दक्षिण पार्सचा वायुप्रकल्प सोडला. तिच्या 90 टक्क्यांहून जास्त वित्तव्यवहारांत अमेरिकी बँका होत्या. जानेवारी 2019 मध्ये जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटनने डॉलरला वळसा घालायला इन्स्टेक्स नावाची कंपनी काढली. मार्च 2020 मध्ये तिने वैद्यकीय सामानाचा एक व्यवहार पार पाडला. पुढे दुसरा झालाच नाही, आणि 2023 मध्ये तिला टाळं लागलं.