गेन परत लावला, आणि यावेळी चोर मीटर निघाला

मागच्या वेळी मी छाती ठोकून सांगितलेलं की गाडीतल्या म्युझिक सिस्टीमच्या ॲम्पचा गेन (आत येणारा सिग्नल ॲम्पने किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) मल्टीमीटरने मोजून लावलाय, आता विषय संपला. तर नाही संपला. पुढच्या स्पीकरचा आवाज व्हॉल्यूम २८ च्या पुढे गेला की फाटायचा, बाईचा वरचा सूर लागला की अगदी कानात टोचायचं, आणि मी आपला दोन आठवडे ट्वीटरला, म्हणजे बारीक सुरांच्या छोट्या स्पीकरला, शिव्या देत बसलो.

हिशोब बरोबरच होता. ॲम्प चार चॅनेलचा, ४ ओहमला ७५ वॉट, म्हणजे ७५ गुणिले ४ तीनशे, त्याचं वर्गमूळ १७.३ व्होल्ट. स्पीकरच्या वायरी काढून, १००० हर्ट्झचा टोन लावून, मीटर एसीवर ठेवून १७.३ दिसेपर्यंत नॉब फिरवला होता. परवा सहज मीटरचं माहितीपत्रक चाळलं तर त्यात बारीक अक्षरात, एसी व्होल्टेज ४० ते ४०० हर्ट्झ! म्हणजे १००० ला तो जे दाखवतो ते रामभरोसे. लगेच नॉबला हात न लावता १०० हर्ट्झचा टोन त्याच लेव्हलचा वाजवला (क्रॉसओव्हर, म्हणजे सूर वाटून देणारा फिल्टर, फुलवर ठेवून, नाहीतर ८० हर्ट्झच्या खालचं कापणारा हायपास १०० ला पण थोडं खातो) तर मीटर २० व्होल्ट. २० चा वर्ग ४००, भागिले ४, शंभर वॉट. ७५ च्या ॲम्पकडून मी शंभर मागत होतो, फाटणार नाही तर काय होणार!

मग म्हटलं आता सगळंच पहिल्यापासून. गाडी बाहेर मोकळ्यावर काढली, कारण इंजिन चालू ठेवूनच मोजायचं होतं (बंद असताना बॅटरी १२.५, चालू केल्यावर १४.२, दोन्हीत ॲम्प सारखा वागत नाही) आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचा शहाणपणा कोणी करू नका. इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, बास बूस्ट शून्य. मित्राचा छोटा स्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) मिळाला होता म्हणून हेड युनिटचं, म्हणजे डॅशबोर्डमधल्या स्टिरिओचं, आउटपुट पण बघितलं, व्हॉल्यूम ४० पैकी ३५ ला लाटेचा माथा चपटा व्हायला लागला, म्हणून ३३ ही माझी कमाल धरली. हे आधी कधी बघितलंच नव्हतं, आणि हेड युनिटच असा माथा कापलेला सिग्नल देत असेल तर पुढे गेन कितीही नीट लावा, उपयोग शून्य.

पुढचे स्पीकर १०० हर्ट्झवर १७.३ ला आणले, नॉब जेमतेम दोन काटे मागे आला असेल. सबचा (डिकीतल्या बासच्या मोठ्या स्पीकरचा) एका चॅनेलचा मोनो ॲम्प २ ओहमला ४०० वॉट, म्हणजे २८.३ व्होल्ट, तो ५० हर्ट्झवर लावलेला त्यामुळे आधीपासून बरोबर निघाला. तिथे एकच, मोजताना बासचा रिमोट नॉब पूर्ण उघडा ठेवायचा आणि लोपास (वरचे सूर कापणारा फिल्टर) वर ढकलायचा.

नंतर हायपास आणि लोपास दोन्ही ८० वर. सबचा फेज (त्याची लाट सरळ की उलटी ते ठरवणारा स्विच) शून्यावर होता, १८० केला तर ड्रायव्हरच्या सीटवर बास एकदम भरला, आधी डिकीतून वेगळा यायचा तो आता समोरून आल्यासारखा वाटतो. सब मात्र कानाने अजून थोडा उतरवला, २८.३ ही वरची हद्द आहे, तिथेच ठेवला पाहिजे असं काही नाही.

आता ३३ ला पण फाटत नाही. गेन उतरल्यामुळे मागची सुरसुर पण कमी झाली, आणि ती कमी झाल्यावर आजवर दबलेली एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली, एक्सलेटर दाबला की चढणारी! ॲम्पची अर्थिंग बघितली, रंग खरवडून पत्र्यालाच बोल्ट आहे, पक्का. मग ॲम्पच्या बाजूने आरसीए (हेड युनिटकडून ॲम्पला सिग्नल आणणाऱ्या वायरी) उपटल्या तर शिट्टी गप्प. म्हणजे ॲम्प निर्दोष सुटला, घोळ हेड युनिट किंवा आरसीएच्या वाटेवर आहे. पुढच्या रविवारी डॅशबोर्ड उघडतोय.