तुम्ही विचारलंत म्हणून: पहिली केमो, औषध आणि आमची देवी

"ताई, पहिली केमो कशी झेपली? औषधाने की देवाने?" धुळ्यात लग्नात गाठून विचारतात, भाजीबाजारात विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा कोणाला तरी केमो सुरू होणार असते म्हणून टाळताही येत नाही. तर सांगते. कॅन्सर मारायचं काम औषधाचंच, त्यात मी देवीला ओढत नाही. पण औषध देऊन झालं की पुढचे दिवस घरी काढायचे असतात, ते काही औषध काढून देत नाही.

माझा ब्रेस्ट कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, मग दर २१ दिवसांनी केमो, म्हणजे आग्रा रोडने नाशिक. खर्च सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसला, रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स घेऊन दीर कुठे कुठे फिरला ते तोच जाणे. आधी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, कारण डॉक्सोरुबिसिन म्हणून जे लाल औषध असतं ते हृदयाला त्रास देऊ शकतं. जाताना चांदवडला रेणुकामातेला गाडीतूनच हात जोडले.

ते लाल औषध मला टांगून नाही दिलं, सलाईन चालू ठेवून सिस्टर बाजूला स्टूलवर बसली आणि मोठ्या सिरींजने हळूहळू ढकलत राहिली, कारण शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस जळतं, आणि सारखी विचारत होती, जळजळ होतेय का, दुखतंय का. रंग अगदी रसनासारखा. मनात सप्तशृंगीचं नाव घ्यायचं ठरवून गेले होते, ते काही केल्या येईना, घरचा सिलेंडर संपत आलाय आणि नंबर लावायचा राहिलाय एवढंच डोक्यात. असं होतं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. लघवी लाल होईल हे सिस्टरने आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर सासूबाईंनी त्याच रात्री गाडी काढायला लावली असती.

हे औषध मुळात इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीतल्या जंतूपासून निघालं असं मुलीने मोबाइलवर वाचून दाखवलं, तर सासूबाई म्हणतात, "माटीमाच व्हतं ना मंग? माटी बी मायच शे." यावर काय बोलणार.

पहिल्या रात्री केमोबरोबर दिलेल्या स्टिरॉइडमुळे डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन, ते थंडच ठेवावं लागतं म्हणून दिराने आदल्या दिवशीच नाशिकहून बर्फाच्या डब्यात घालून मांडीवर धरून आणलं होतं, मालेगावला चहालाही गाडी थांबवू दिली नाही. मग मात्र अंग गळालं. हाडं ठणकायची, तोंडाला चव नाही, आणि खोबरं-कांदा भाजल्याचा वास आला की पोटातून ढवळून यायचं, आता खानदेशातल्या घरात तो मसाला बंद म्हणजे काय ते तुम्हाला कळेल, पण घरच्यांनी बंद केला. सगळे माझ्याबरोबर ज्वारीच्या कण्या आणि मऊ भात. हे एकदा हळूच बाहेर शेवभाजी खाऊन आले ते शर्टाच्या वासावरून कळलं, मी काही बोलले नाही.

रात्री सासूबाई पायाशी बसून हळू आवाजात कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीची, गाणी म्हणायच्या. श्रद्धा म्हणाल तर माझी एवढीच, तो आवाज चालू असला की पहाट व्हायची.

पण याच सासूबाईंनी सप्तशृंगीच्या गडावरून आलेलं तीर्थ आधी गॅसवर खळखळ उकळलं आणि मग माझ्या हातावर दिलं. डॉक्टरांनी पाणी उकळूनच प्यायला सांगितलंय, त्यात तीर्थ आलंच की, असा त्यांचा हिशोब. अंगारा कपाळाला, पोटात नाही. एका नातेवाइकाने कुठल्यातरी वैद्याचा काढा आणला, शर्तीचा इलाज म्हणे, त्यांना चहा पाजला आणि काढा परत दिला. केमो चालू असताना लिव्हरला असलं कुठलंही काही परस्पर द्यायचं नाही.

त्यात श्रावण, म्हणजे नागपंचमीनंतरचा रविवार, कानबाई बसायची, सगळी भाऊबंदकी घरात, आणि माझ्या पांढऱ्या पेशी नेमक्या तेव्हा खाली. केमोनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांच्या मधला हा धोक्याचा काळ, गर्दी नको, कच्चं नको. मी वरच्या खोलीत. थोरल्या घरची सून रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, कामाला नाही म्हणून खाली कुजबुज झालीच, तेव्हा सासूबाईंचा आवाज जिन्यातून वर आला, "कानबाईले बठ्ठं समजस, तुमले नई समजत." भेटायला वर येऊ पाहणाऱ्यांना नणंदेने पायरीवरूनच माघारी लावलं. तुम्ही घरचा आधार घरचा आधार म्हणता ना, माझ्या मते त्यातला मोठा भाग हाच, पेशंटसाठी चार लोकांत वाईटपणा घेणारं कोणीतरी घरात पाहिजे.

मुलीकडे थर्मामीटर आणि वही. १००.४ ताप दिसला तर गोळी देऊन बघत बसायचं नाही, आधी हॉस्पिटलला फोन, हे तिने फ्रिजवर लिहून चिकटवलं होतं. लिहून चिकटवाच तुम्हीपण, रात्री दोन वाजता कोणाला काही आठवत नाही. केस दुसऱ्या केमोच्या आधीच गेले, त्यावर बरंच बोलता येईल पण आता ते पुरते परत आलेत.

राहिला नवस. बोलल्या सासूबाई, की सून बरी झाली की तिला गडावर पायऱ्यांनी आणीन, म्हणजे चढायचं मी. आता वर जायला ट्रॉली आहे, हृदयाचे डॉक्टरही म्हणतात दमू नका, पण सासूबाईंचं म्हणणं ट्रॉलीने गेलेला नवस पोचत नाही. चैत्राच्या यात्रेपर्यंत हे भांडण चालेल असं दिसतंय, हे दोघींच्या मध्ये पडत नाहीत.