तुम्ही विचारलेत म्हणून : खानदेश सोडून सिंधुदुर्गात राहायला जावे का?

जळगावात पारा ४५ च्या वर गेला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारे बहुतेक साठीच्या आसपासचे असतात; कोणी शिक्षक म्हणून निवृत्त झालेला, कोणी भुसावळला रेल्वेत नोकरी केलेला, कोणी यावल-रावेरकडचा केळीचा बागायतदार, ज्याची मुले पुण्यात स्थिरावली आहेत. "आप्पा, तुम्ही तिकडे नोकरी केली आहे. सिंधुदुर्गात थोडी जागा घेऊन कायमचे राहायला गेलो, तर परवडेल का आणि करमेल का?" मी बँकेत होतो, तारण म्हणून आलेल्या जमिनीची कागदपत्रे तपासणे हे माझे रोजचे काम होते आणि नोकरीतली काही वर्षे कुडाळ आणि वेंगुर्ले तालुक्यांत गेली, एवढ्या भांडवलावर लोक मला या विषयातला जाणकार समजतात. माझे मत आधीच सांगून टाकतो. जागा स्वस्त मिळते की नाही, हा या व्यवहारातला सर्वांत कमी महत्त्वाचा हिशेब आहे, कारण जागेचे पैसे एकदाच द्यायचे असतात. डागडुजी, औषधपाणी आणि प्रवास यांचे पैसे अखेरपर्यंत द्यावे लागतात आणि तिकडे नेमकी हीच तीन खाती मोठी आहेत.

तरीही भावापासूनच सुरुवात करतो, कारण माणूस हरखतो तो तिथेच. आपल्याकडे शहरालगतच्या प्लॉटचा भाव चौरस फुटाने सांगतात, तिकडे दलाल गुंठ्याने सांगतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. भागाकार केला की आकडा इतका लहान येतो की जळगावातला एक प्लॉट विकून तिकडे आमराईच घेता येईल, असे मांडे मनात शिजू लागतात. पण आपला प्लॉट बिनशेती असतो, त्याच्यापर्यंत रस्ता, नळ आणि विजेचा खांब आलेला असतो. गुंठ्याच्या भावाने सांगितलेली ती जागा बहुधा शेतजमीन असते, उतारावर असते आणि तिच्याकडे जाणारी वाट दुसऱ्याच्या आवारातून जाते. ती वाट कागदावर आहे की केवळ शेजाऱ्याच्या चांगुलपणावर चालू आहे, हे दलाल आपण होऊन सांगत नाही. बिनशेती परवानगी, विहीर किंवा बोअर, वीजजोडणी, सपाटीकरण आणि चिऱ्याचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, एवढे सगळे त्यात मिळवले की मूळ भावाची स्वस्ताई बरीचशी आटते. शिवाय सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झालेला आहे आणि सीमेपलीकडे मोपा येथे गोव्याचा दुसरा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झाला आहे. त्यामुळे सावंतवाडी, दोडामार्ग किंवा वेंगुर्ल्याकडची जागा दाखवणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत मोपाचे नाव घेतो आणि भाव त्या नावाचा सांगतो. विमानाने वर्षातून किती वेळा जाणार आहात, ते आधी स्वतःला विचारून पाहावे.

कागदपत्रांविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या शेतकऱ्याला त्याची कल्पना नसते. आपल्या सातबाऱ्यावर गट क्रमांक, दोन-तीन भाऊ, फार तर एखाद्या बहिणीचे नाव असते. तिकडे बऱ्याच गावांत अजून सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर चालतो, आणि एकेका हिश्शात पिढ्यान्‌पिढ्यांची नावे साचलेली असतात. माझ्या टेबलावर आलेला एक उतारा मला अजून आठवतो: क्षेत्र काही गुंठ्यांचे आणि भोगवटादारांच्या रकान्यातली नावे पान उलटले तरी संपत नव्हती. त्यातली निम्मी माणसे मुंबईत, काही वारलेली पण वारसनोंद न झालेली, आणि इतर हक्कांच्या रकान्यात एका कुळाचे नाव, ज्याची मुले प्रत्यक्षात ती जमीन कसत होती. विक्रेता मात्र एकटाच समोर बसून "सगळ्यांची संमती आहे" असे सांगत होता. अशा सामाईक जमिनीतला एखाद्याचा अविभक्त हिस्सा विकत घेणे म्हणजे जमीन नव्हे, तर त्या कुटुंबाचा जुना वाद विकत घेणे होय. सरसनिरस, म्हणजे जमिनीची प्रत पाहून केलेले, वाटप झाले आहे का, पोटहिस्स्याची मोजणी होऊन नकाशा निघाला आहे का, कुळकायद्याखालील काही बंधन शेरा म्हणून चढलेले आहे का, आणि जुने फेरफार आजच्या सातबाऱ्याशी जुळतात का, एवढे स्थानिक वकिलाकडून पाहून घेतल्याशिवाय विसाराची रक्कमही देऊ नये. वकील स्थानिकच हवा; जळगावचा कितीही हुशार असला, तरी त्या गावची भाऊबंदकी त्याला कागदावरून कळणार नाही.

त्यात दोन कायदेशीर अटी आहेत. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ नुसार शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. ज्याच्या नावावर चोपड्यात किंवा पारोळ्यात शेती आहे, त्याला शेतकरी असल्याचा दाखला काढून सिंधुदुर्गातही जमीन घेता येते; ज्याच्या नावावर शेती नाही, त्याने बिनशेती प्लॉट किंवा तयार घरच पाहावे आणि "आपण नंतर बघू" म्हणणाऱ्या दलालाला तिथेच नमस्कार करावा. दुसरी अट समुद्राची. खिडकीतून लाटा दिसाव्यात अशी ज्यांची इच्छा असते, त्यांनी सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधने घालणाऱ्या क्षेत्राची, रेषा पाहावी: विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि खाडीकाठालाही स्वतंत्र अंतर लागते. खरे सांगायचे तर ही अट नसती, तरी मी किनाऱ्याला लागून घर बांधा असे सुचवले नसते.

त्याचे कारण हवा. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि सिंधुदुर्गात ३,००० मिलिमीटरहून अधिक. हा फरक आकड्यात वाचून कळत नाही. धाब्याच्या घरात वाढलेल्या आपल्या माणसाला छप्पर ही एकदा घालून विसरण्याची गोष्ट वाटते. तिकडे मे महिना म्हणजे कौले चाळण्याचा, पन्हळी साफ करण्याचा आणि स्लॅबवर पत्र्याची शेड उभारण्याचा महिना असतो, आणि हे दरवर्षी. ऑगस्टमध्ये लाकडी कपाट उघडले तर चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट बुरशी आलेली असते, ठेवणीतल्या शालूला कुबट वास येतो, मीठ पाझरते, आगपेटी पेटत नाही. किनाऱ्याजवळच्या खारट वाऱ्यात खिडकीच्या बिजागऱ्या, गेटचे गज आणि मोटारसायकलचा सायलेन्सर गंजायला फार काळ लागत नाही. उन्हाळ्याचेही तसेच आहे. तिकडे पारा जळगावइतका चढत नाही हे खरे; पण आपला गवताच्या जाळीचा कूलर कोरड्या हवेत पाण्याची वाफ होते म्हणून गारवा देतो, आणि दमट हवेत तो नुसता ओला वारा फेकत बसतो. म्हणजे एसी आला, आणि एसीबरोबर विजेचे बिल आले. वादळी पावसात झाड तारांवर पडले की ती वीजही जाते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात होती.

एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे मध्ये तिथल्या अनेक वाड्यांना पाण्याची टंचाई असते, हे सांगितले की आपल्याकडचे लोक विश्वास ठेवत नाहीत. पण जांभा दगड सच्छिद्र आहे, जमीन उताराची आहे आणि सह्याद्रीतून निघालेल्या नद्या थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात, त्यामुळे पडलेले पाणी थांबत नाही. म्हणून जागा पाहायला दिवाळीत जाऊ नये, जेव्हा सगळ्या विहिरी भरलेल्या असतात. मे महिन्याच्या अखेरीस जाऊन विहिरीत डोकावून पाहावे, आणि शेजारच्या बाईला पाणी कुठून भरता म्हणून विचारावे.

बाजारहाटाचे फारसे सांगण्यासारखे नाही. भाजीपाला बराचसा घाटावरून, कोल्हापूर-बेळगावकडून येतो आणि भावात ती वाहतूक असते. मासे ताजे मिळतात, पण जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. दादर जातीची ज्वारी आणि कळण्याचे पीठ इकडूनच न्यावे लागेल. भरताची वांगी विसरा.

दवाखान्याचा प्रश्न मात्र मी कोणालाही टाळू देत नाही, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना रक्तदाब किंवा मधुमेह आहेच, आणि आज नसला तरी सत्तरीत काय असेल ते कोणी सांगावे? ओरोसला, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, तालुक्यांना उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालये आहेत, चांगले खासगी डॉक्टरही आहेत. पण गंभीर दुखण्यात आजही तिथला माणूस गोव्यातील बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाचे नाव घेतो, नाहीतर घाट चढून कोल्हापूर गाठतो, आणि पावसाळ्यात करूळ, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एखाद्या घाटात दरड आली की तो रस्ताही बेभरवशाचा होतो. देवगड तालुक्यातल्या एखाद्या आतल्या वाडीत स्वस्तात घर घेतलेले वृद्ध जोडपे आणि जळगावात रिंगरोडजवळ महागात राहणारे वृद्ध जोडपे यांच्या खर्चाची तुलना करताना मध्यरात्री छातीत दुखू लागल्यापासून डॉक्टरच्या टेबलापर्यंतचा वेळ धरावा लागतो. तो धरला की महाग कोणते, हे मला निराळे सांगावे लागत नाही. म्हणूनच जाणाऱ्याने समुद्र विसरून महामार्ग आणि कोकण रेल्वे यांच्या आसपास, कणकवली, कुडाळ किंवा सावंतवाडी या गावांत राहावे, असा माझा आग्रह असतो. समुद्र तिथून तासाभराच्या आत आहे. हवा तेव्हा जाता येते.

आता करमण्याविषयी. १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा लोकसंख्येने लहान आहे आणि आणखी लहान होत आहे: २००१ च्या जनगणनेत ८ लाख ६८ हजार माणसे होती, २०११ मध्ये ८ लाख ५० हजारांच्या आसपास उरली. त्याच जनगणनेत एकट्या जळगाव जिल्ह्यात ४२ लाखांहून अधिक लोक होते. आकसणाऱ्या जिल्ह्याचा अर्थ असा की वाडीतली निम्मी घरे कुलूपबंद असतात, गणपतीला उघडतात, गजबजतात आणि पुन्हा बंद होतात. शांतता पाहिजे म्हणून गेलेल्या माणसाला ही शांतता पहिले काही महिने फार गोड वाटते. पण आपण खानदेशी माणसे अघळपघळ; सकाळी दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय आपला चहा गोड लागत नाही. मालवणी माणूस मायाळू आहे, अडीअडचणीला धावून येतो, मात्र त्याचे जग त्याच्या वाडीचे, देवळाच्या मानपानाचे आणि भाऊबंदांचे असते, आणि परक्याला त्यात जागा मिळते ती सावकाश, काही वर्षांनी. बायकांना हे अधिक जाणवते. नवरा बागेत रमतो, आणि बायको ज्या बहिणींशी, भाचरांशी, भिशीतल्या मैत्रिणींशी रोज बोलत होती, त्या सगळ्या फोनमध्ये जाऊन बसतात. जोडप्याने मला विचारले, तर मी वहिनींचे उत्तर वेगळे विचारून घेतो, आणि पुष्कळदा ते निराळे निघते.

अंतराचा खर्चही याच खात्यातला. निजामुद्दीन-एर्नाकुलम मंगला एक्सप्रेस भुसावळ-जळगावहून पुढे कोकण रेल्वेनेच जाते, ही सोय आहे. पण पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे आणि संथ असते, आणि आपले निरोप काही गाडीचे आरक्षण पाहून येत नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येणार त्या कोणत्या घरी? श्रावणात कानबाईच्या उत्सवाला भाऊबंद जमणार, तेव्हा तिकडे पाऊस कोसळत असतो. लग्नसराई आणि दहाव्या-तेराव्याला वर्षातून जितक्या वेळा यावे लागते, तेवढे दोघांचे येणे-जाणे मांडून पाहावे. आणि येणे टाळायचे ठरवले, तर नातेवाईक काय म्हणतील तेही मांडावे.

काही जण म्हणतात की दोन खोल्या पर्यटकांना देऊ, खर्च निघेल. निघतो, पण दिवाळी ते मे. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, आणि साठीनंतर अनोळखी माणसांच्या चादरी बदलण्याची हौस किती टिकेल, ते ज्याचे त्याने ठरवावे. तरुणांचे गणित थोडे वेगळे आहे. ज्याचे काम संगणकावर आहे आणि मुले लहान आहेत, त्याला मी इतके परावृत्त करत नाही: दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पुढे असते आणि मुलांना मोकळे वाढायला जागा आहे. त्याने मोबाइलचे नेटवर्क पावसात तपासावे आणि गावातल्या शाळेचा पट बघावा, कारण पट घटत चाललेल्या शाळा तिकडे पुष्कळ आहेत.

यंदा पाचोऱ्याकडच्या एका निवृत्त दांपत्याने हाच प्रश्न विचारला. वेंगुर्ले तालुक्यातली जागा त्यांनी पाहून ठेवली होती, विसाराची बोलणीही चालू होती. मी त्यांना सांगितले की विसार थांबवा, पाचोऱ्याचे घर विकू नका, कुडाळात दोन खोल्या भाड्याने घ्या आणि जूनच्या सुरुवातीला सामान घेऊन जा, ते दसऱ्याला परत या. त्या चार महिन्यांत विजेचे बिल, औषधांचा खर्च आणि इकडे येण्याजाण्याचे भाडे एका वहीत लिहीत जा, आणि वहिनींनी स्वतःची वेगळी वही ठेवावी. भाऊंना ते फारसे पटले नाही. चार महिन्यांचे भाडे फुकट जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. वहिनींनी मात्र लगेच विचारले की कुडाळात गॅसचे कनेक्शन बदलून घ्यावे लागेल, की इथलेच सिलिंडर चालेल.