साडेसहाचा बॅकअप आणि गोडाऊनचे अण्णा

आमचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. रोज संध्याकाळी साडेसहाला मी टॅलीच्या, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या, डेटाचा बॅकअप घेतो, त्याआधी सगळ्यांनी टॅलीतून बाहेर पडायला हवं. पॅकिंग, गोडाऊन, गेट धरून सहा कॉम्प्युटर. लूमच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही, व्हॉट्सॲप कामावर कोणी उघडत नाही. म्हणून मी रोज सहा ठिकाणी पायी हिंडायचो, मे महिन्यातसुद्धा.

२००३ साली नवी पेठेतल्या क्लासमध्ये आम्ही 'नेट सेंड' टाइप करून एकमेकांच्या स्क्रीनवर चावट मेसेज पाठवायचो. तेच वापरू म्हटलं, तर ते कधीच गेलेलं. त्यामागच्या मेसेंजर सर्व्हिसमधून इंटरनेटवरच्या जाहिराती घुसायला लागल्या, म्हणून विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये, २००४ साली, ती बंदच करून दिली आणि व्हिस्टापासून काढूनच टाकली. आता विंडोजमध्ये मेसेज पाठवायला उरलीय ती 'एमएसजी' ही कमांड.

कमांड सोपी आहे: एमएसजी, मग तारा म्हणजे त्या कॉम्प्युटरवर लॉगिन असलेले सगळे, मग तिरपी रेघ देऊन सर्व्हर, कॉम्प्युटरचं नाव आणि मजकूर. एंटर मारलं, 'एरर ५'. म्हणजे परवानगी नाही. गोडाऊनच्या कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या यादीत, टर्मिनल सर्व्हरखाली 'अलाऊ रिमोट आरपीसी' शून्य होतं, ते १ केलं. आमच्याकडे डोमेन, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरची खाती एका जागी सांभाळणारी व्यवस्था, नाही, त्यामुळे दोन्हीकडे एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं खातंही लागलं. मग पॅकिंगला 'एरर १७२२', म्हणजे पलीकडचा कॉम्प्युटर दादच देईना. तिथे फायरवॉल आडवी येत होती, फाइल शेअरिंगला वाट दिल्यावर सुटलं. गेटवरचा कॉम्प्युटर मात्र विंडोज होमचा, त्यात एमएसजीच नाही. तिथे अजून चालतच जातो.

पहिला मेसेज गेला तेव्हा इंटरकॉमवर विचारलं, "अण्णा, दिसलं का?"

"काय नाही ओ."

दिसलं होतं, पण अण्णा गाठोडी मोजायला उठले होते. चौकट साठ सेकंदांत आपोआप मिटते, हे मला नंतर कळलं. 'टाइम' लावून सहाशे सेकंद केले.

ताऱ्याने सगळं नेटवर्क धरलं जात नाही, एका वेळी एकच कॉम्प्युटर. म्हणून नावांची टेक्स्ट फाइल केली आणि बॅच फाइल, म्हणजे कमांडा ओळीने चालवणारी फाइल, तिच्यातलं एकेक नाव उचलून मेसेज धाडते. त्यात मराठी लिहून पाहिलं, पलीकडे भलतीच चिन्हं उमटली. मग मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत.

मग मला जास्तीची हुशारी सुचली. समोरच्याने ओके दाबल्याचं आपल्याला कळावं म्हणून 'डब्ल्यू' जोडलं. यादीत पहिलं नाव गोडाऊनचं, आणि अण्णा चहाला गेलेले. ते ओके दाबेपर्यंत बॅच फाइल पुढे सरकेना, बाकीचे चारही कॉम्प्युटर अण्णांच्या चहासाठी खोळंबले. डब्ल्यू त्याच दिवशी काढलं.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मेसेज गेला. साडेसहाला बघतो तर गोडाऊनची टॅली उघडीच. इंटरकॉम फिरवला.

"अण्णा, मेसेज आला ना?"

"आला की. ओके पण दाबलो. टॅली बंद करायचं म्हणून कुठं कळलं?"