दोन जादा खुर्च्या

जोडप्यांसाठीच्या स्कीमा थेरपीच्या प्रशिक्षणाचा आज दुसरा दिवस. या थेरपीचे जनक जेफ्री यंग यांनी मांडलेले 18 स्कीमा, म्हणजे लहानपणी मनात रुजलेले आणि मोठेपणीही नात्यांत डोकं वर काढणारे साचे, पाठ असणं वेगळं आणि समोर भांडण पेटलेलं असताना ते ओळखणं वेगळं, हे आज नीटच कळलं.

रोल-प्लेमध्ये मी नवरा झाले होते. 'बायको' कडाडली, "तू कधी ऐकतोस का माझं?" मी गप्प, हाताची घडी घट्ट. थेरपिस्ट झालेली मैत्रीण लगेच दोघांची समजूत काढायला लागली. सरांनी थांबवलं. म्हणाले, "आत्ता नक्की कोण भांडतंय ते बघ." तिच्यातली, आपल्याला सोडून जातील म्हणून घाबरलेली लहान मुलगी ओरडत होती. माझ्यातला 'अलिप्त रक्षक', म्हणजे दुखावलं जाऊ नये म्हणून भावनांपासून दूर ठेवणारा मनाचा भाग, आतून कडी लावून बसला होता. ती जितकं दार बडवणार, तितकी माझी कडी घट्ट!

मग मैत्रिणीनं मला उठवून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर, त्या नवऱ्यातल्या लहान मुलाच्या जागी, बसवलं. हळू आवाजात विचारलं, "इथे किती वर्षांचा आहेस?" तोंडातून निघालं, "सात." आणि डोळे भरून आले. समोरची 'बायको'ही नकळत पुढे झुकली होती.

हे पुस्तकातून नाही शिकता येत. उद्यापासून माझ्या क्लिनिकमध्ये दोन जादा खुर्च्या ठेवणार आहे.